एळु

हॉस्टेलच्या चौदा नंबरच्या खोलीत
नीलव्वा तळवार मला पहाटे पाचला उठवायची.
"एळु. एळ ग, एळु."
चंदगडहून पेटी घेऊन आले तेव्हा
माझं कन्नड एवढंच होतं.
एळु म्हणजे ऊठ.
बाकी बसच्या पाटीवरची गोल गोल अक्षरं,
वाचता येत नव्हती, नुसती ओळखू यायची
लांबून चालत येणाऱ्या मामासारखी.

जिन्याखालची खोली म्हणजे आमचा क्लब.
वर्गणी साठ रुपये.
एक कॅरम, स्ट्रायकरच्या जागी कोटाचं बटण,
दोरीउड्यांच्या तीन दोऱ्या, त्यातली एक
कुणीतरी कपडे वाळत घालायला नेलेली.
रजिस्टरात माझं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलंय,
तिन्ही चूक.
पीडी सरांनी विचारलं, पळतेस काय?
म्हटलं, काजूच्या बागेतली माकडं हाकलते.
म्हणाले, मग खो-खोत नाव घाल.

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळचं मैदान.
तांबडी माती, मोज्यांतून कधीच न गेलेली.
आठ जणी ओळीत, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं.
मला गेट दिसायचं, नीलव्वाला पाण्याची टाकी.
शेजारी असून
आम्ही एकमेकींना पाहायचं नाही, असा नियम.

पहिल्याच दिवशी सर ओळ मोजत आले,
ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु,
ऐदु, आरु,
माझ्यासमोर थांबून म्हणाले, एळु.
मी उठले.

तस्लीम मुल्ला खांबाला मिठी मारून हसत होती.
"सात ग, सात! तुझा नंबर!
खो मिळाल्याबिगर उठायचं नाही."
मी म्हटलं, मग ऊठ म्हणजे काय?
"ते पण एळुच," टाकीकडं बघत नीलव्वा म्हणाली,
"दोन्ही एळुच की. आम्ही काय करावं त्याला?"

तेव्हापासून सातवा चौकोन माझा.
गेट पडलं की सर सराव थांबवायचे.
मालगाडी जाईपर्यंत सगळ्या तशाच उकिडव्या,
कारण हात पाठीवर पडून भागत नाही,
खो ऐकू यायला पाहिजे.
मी डबे मोजायची. कन्नडमध्ये.
बेचाळीसपर्यंत पोचले होते मार्गशीर्षात.

चिक्कोडीला झोनल. फायनल.
आदल्या रात्री बसमध्ये नीलव्वा एवढी गायली,
खिडकीतून वारा असा आत,
की सकाळी तिचा घसा म्हणजे फाटका पत्रा.
शेवटचं दीड मिनिट. एक गडी हवा.
ती पोरगी माझ्याच समोरून गेली,
वेणीला लाल रबर, अजून आठवतं,
आणि पाठीवर नीलव्वाचा हात आला.
हात तिचाच. करंगळीच्या बाजूला घट्टा आहे तिच्या.
आवाज नाही.
मी उठले तरी.

शिट्टी.
पंचांनी कानाला हात लावून दाखवलं.
एका गुणानं गेलं.

परतीच्या बसमध्ये कुणी गायलं नाही.
तस्लीमनं शेंगा वाटल्या, सालं खिडकीबाहेर.
सर पुढच्या सीटवर, झोपल्याचं नाटक करत.
नीलव्वा माझ्या शेजारी,
गरम पाण्याची बाटली दोन्ही हातांत,
आणि तोंड
तिकडं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली होती.
खिडकीत अजून अंधार, नळाला पाणी आलेलं,
कुणाच्या तरी बादलीचा आवाज.
मी जागीच होते, भिंतीकडं तोंड करून.
पाठीवर हात आला.
घट्टा लागला मला, शर्टातूनही.
थोडा वेळ तिनं तो तिथंच ठेवला.

मी उठले.
खोलीत शिट्टी वाजवायला कुणी नव्हतं.